आयव्हीएफची जुळी, १४ महिने, मुलीचं वजन कमी आहे. आयव्हीएफमुळेच का?

ऐरोलीची_आई

नमस्कार, वाचत असते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मला जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी, आता १४ महिन्यांची. आयव्हीएफ केलं होतं, त्यातलं इक्सी, म्हणजे शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात ते, नंतर फ्रोजन ट्रान्सफर, म्हणजे गोठवून ठेवलेले दोन एम्ब्रियो (गर्भ) टाकले आणि दोन्ही राहिले. ३४ आठवड्यांना माझं बीपी एकदम वाढलं म्हणून सिझर करावं लागलं. मुलगा २.१ किलो, मुलगी १.६. दोघंही एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत होती, हिला जास्त दिवस ठेवलं. डोळ्यांची तपासणी, कानाची तपासणी सगळं झालं, नॉर्मल आलं.

आता मुलगा ९.२ आहे आणि मुलगी ७.३. उंची तिची ७१.५ सेंमी. मुलगा नुकताच सोडून चालायला लागलाय, ही अजून सोफ्याला धरून धरून जाते, एकटी उभी राहते पण पाऊल टाकत नाही. बाकी बडबड, टाळ्या, बाय करणं, आजोबांचा चष्मा ओढणं सगळं दोघांचं सारखं, उलट ही जास्त आगाऊ आहे.

परवा दोघांना सर्दी झाली, आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये नेलं. त्यांनी वजन केलं, चार्टवर टिंब मारलं आणि म्हणाले ही अंडरवेट आहे, खालच्या लाल रेषेच्याही खाली गेलीये. मी घाबरून विचारलं असं का झालं असेल, तर फाइल चाळत म्हणाले आयव्हीएफचं आहे ना, असतात ही मुलं अशी. झालं, तेव्हापासून माझं लक्ष कशातच नाही.

सासूबाई माझ्या खरंच चांगल्या आहेत, दोघांचं सगळं त्यांनीच काढलं, पण त्यांच्याही मनात बसलंय की नळीत वाढलेलं लेकरू नाजूकच राहणार. साताऱ्याहून कुणी आलं की हळूच सांगतात, मला ऐकू येतं. रात्री मोबाइल घेऊन बसले तर काय काय वाचलं, हृदयाचे त्रास होतात, बीपी लवकर होतं, ऑटिझम होतो, शुगर होते. ह्यांनी शेवटी फोन काढून घेतला हातातून.

तर कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा, वजन आयव्हीएफमुळे कमी आहे का, पुढे जाऊन काही होतं का, आणि पुढच्या वर्षी प्लेग्रुपला घालायचंय तर तिथे किंवा नवीन डॉक्टरांना हे सांगायचं की नाही. प्लीज मनाचं सांगू नका, ते घरी भरपूर मिळतंय.


स्वप्ना_आर

अगं काही नाही होत, आमच्या जावेची पण अशीच होती, आता बघ कशी गुटगुटीत आहे. टेन्शन घेऊ नकोस, दुधात बदाम उगाळून दे.


नौपाड्याची_सिस्टर

बाळा, मी एनआयसीयूमध्ये सिस्टर होते, आता रिटायर होऊन ठाण्यात घरी असते. डॉक्टर नाही मी, पण एवढ्याएवढ्या बाळांची वजनं करण्यात आयुष्य गेलंय म्हणून लिहिते.

मला आधी हे सांग, त्यांनी टिंब कुठल्या वयावर मारलं? १४ महिन्यांवर मारलं असणार. तुझी मुलं ३४ आठवड्यांची, म्हणजे ४० ला ६ आठवडे कमी. २ वर्षं होईपर्यंत अशा मुलांचं वय मोजताना ते ६ आठवडे वजा करायचे असतात, करेक्टेड एज म्हणतात त्याला. म्हणजे चार्टसाठी तुझी लेक १४ नाही, साडेबारा महिन्यांची आहे. डब्ल्यूएचओच्या चार्टमध्ये मुलींची खालची रेषा १४ महिन्यांना ७.४ किलोवर असते आणि १२ महिन्यांना ७ वर, साडेबाराला धर ७.१. आता लाव तिचे ७.३. एका वयाला रेषेखाली, दुसऱ्या वयाला रेषेच्या वर. मूल तेच, काटा तोच. उंचीचंही तसंच, ७१.५ म्हणजे साडेबारा महिन्यांना बारीकशी पण अगदी नीट रेंजमध्ये.

म्हणून वजन छान आहे असं मी म्हणत नाहीये हां. रेषेला चिकटूनच आहे, लक्ष ठेवायलाच हवं. पण कारण शोधायचं तर जन्माच्या वजनात शोध. ३४ आठवड्यांच्या मुलीचं वजन साधारण २.१ ते २.२ असायला हवं, हिचं १.६ म्हणजे लवकर आली एवढंच नाही, पोटातच ती थोडी कमी वाढली होती. आणि दोघांत अर्ध्या किलोचा फरक, म्हणजे २० टक्क्यांच्या वर. एक मुलगा एक मुलगी म्हणजे दोघांच्या वारा (प्लॅसेंटा) वेगळ्या, एकीला कमी रसद मिळाली असं जुळ्यांत होतं, त्यात तुझं बीपी वाढलेलं, बीपीत वारेतून रक्त कमी जातं. नैसर्गिक जुळ्यांमध्ये हेच्या हेच मी कितीदा बघितलंय, तिथे कुणी म्हणत नाही की हे नैसर्गिकचं आहे, असतात ही मुलं अशी.

पोटात कमी वाढलेली मुलं बहुतेक २ वर्षांपर्यंत भरून काढतात, १० तली साधारण ९. उरलेल्यांना थोडा जास्त वेळ लागतो, आणि २ नंतरही उंची रेषेखालीच राहिली तर मग मुलांच्या हॉर्मोनच्या डॉक्टरांना दाखवतात. तुझ्याकडे अजून वेळ आहे.

एका टिंबावरून काही कळत नाही ग. फाइलमधली जुनी वजनं काढ, ३ महिने, ६, ९, १२, सगळी करेक्टेड वयावर मांड आणि रेषा बघ. ती तिच्या खालच्या रेषेला धरून चढतेय की मध्येच आडवी झालीये? चढत असेल तर ती तिची चाल आहे. आडवी झाली असेल तर का झाली ते शोधावं लागेल. वजन करताना डायपर काढून कर आणि दरवेळी एकाच काट्यावर, एका क्लिनिकचा काटा आणि दुसऱ्याचा यात पाव किलो आरामात इकडेतिकडे होतं.

चालण्याचं म्हणशील तर १८ महिन्यांपर्यंत वाट बघतात, तेही करेक्टेड. धरून चालतेय, एकटी उभी राहतेय, बास झालं.

आणि दूध किती पिते ते लिही. बाटलीने का? आयर्न ड्रॉप्स चालू आहेत का?


वाशी_लॅबवाला

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ज्याला तुमच्या सासूबाई नळी म्हणतात तिथे काम करणारा. सिस्टरनी वजनाचं सांगितलंच आहे, मी आमच्या बाजूचं सांगतो.

पहिलं आईंना सांगा की नळी वगैरे नसते. प्लास्टिकची छोटी डिश असते, त्यात एम्ब्रियो ५ दिवस असतो, पाचव्या दिवशी तो डोळ्याला धड दिसत पण नाही एवढा असतो. मग उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये फ्रीज, तिथे तो वाढत नाही की म्हातारा होत नाही, सगळं थांबलेलं असतं. त्यानंतरचं सगळं वाढणं तुमच्या पोटातच झालंय.

दुसरं, खरं सांगायचं तर आयव्हीएफचा वजनावर काहीच परिणाम नाही असं नाहीये. फ्रेश ट्रान्सफरची, म्हणजे एम्ब्रियो न गोठवता टाकलेली, एकटी (जुळी नसलेली) बाळं सरासरीने थोडी हलकी जन्मतात, लवकर जन्मण्याचं प्रमाणही नैसर्गिकपेक्षा थोडं जास्त. पण फ्रोजनमध्ये उलटं आहे, ती सरासरीने जरा वजनदारच असतात. तुमचं फ्रोजन होतं. म्हणजे फक्त टेक्निकवर बोट ठेवायचं तर तुमची मुलगी मोठी जन्मायला हवी होती! फ्रोजनचा त्रास असेल तर तो आईला, प्रेग्नन्सीत बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त, खास करून गोळ्यांवर गर्भाशयाचं अस्तर तयार करून ट्रान्सफर करतात त्या सायकलमध्ये. ते तुमच्या बाबतीत झालेलं दिसतंय. त्यामुळे साखळी बघायची तर दोन एम्ब्रियो, जुळी, बीपी, ३४ आठवडे, १.६ किलो अशी आहे. त्यातलं पहिलं पाऊल आमच्या लॅबचं आहे, ते मी नाकारत नाही, पण मुलगी "अशीच" बनली असं नाही.

नॉर्वेमध्ये जन्मापासून १७-१८ वर्षांपर्यंत मुलांची उंची वजनं तपासली, तिकडे सैन्यभरतीच्या वेळी सगळ्यांची मापं घेतात त्यामुळे डेटा मिळतो. आयव्हीएफची मुलं जन्माला लहान, पण पहिल्या दीड वर्षात जोरात वाढून गाठतात आणि १७ व्या वर्षी फरक राहत नाही. २०२२ मध्ये युरोप, आशिया-पॅसिफिक आणि कॅनडातली मिळून दीड लाखाहून जास्त मुलं घेऊन मोठं काम झालं, तिथेही तेच, लहानपणी किंचित बुटकी आणि बारीक, वयाबरोबर फरक पुसट. आणि नॉर्वेतच २००८ साली एकाच आईची दोन मुलं, एक आयव्हीएफचं आणि एक नैसर्गिक, अशी जन्माच्या वजनाची तुलना केली तेव्हा फरक जवळजवळ विरघळला. म्हणजे बराचसा भाग आईबाबांचा असतो, वय, पीसीओडी, एंडोमेट्रिओसिस, ज्या कारणाने मूल राहत नव्हतं ते कारण.

मुंबईचंच उदाहरण हवं असेल तर इथली पहिली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा चावडा, जन्म ६ ऑगस्ट १९८६, केईएम हॉस्पिटल, डॉ. इंदिरा हिंदुजा. २०१६ मध्ये तिला स्वतःला मुलगा झाला, नैसर्गिक गर्भधारणा. सासूबाईंना तो पेपरातला फोटो दाखवा.


खारघर_४१०२१०

सगळं ऑल इज वेल सांगायची पद्धत आहे आपल्याकडे, विशेषतः ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्याकडून. राग नको. पण ताईंनी मनाचं सांगू नका म्हटलंय म्हणून लिहितो, स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये डॉक्टरांनी आयव्हीएफच्या मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या तर त्या कडक निघाल्या, पुढे ती मुलं टीनएजर झाल्यावर परत तपासली तर ५४ पैकी ८ जणांना हाय बीपी आणि नैसर्गिक गर्भधारणेच्या ४३ मुलांमध्ये फक्त एकाला. हे इंटरनेटवरचं फॉरवर्ड नाही, छापून आलेलं आहे. जन्मजात दोषसुद्धा जास्त असतात. हे कुठलं सेंटर पॅकेज विकताना सांगतं? घोडबंदरपासून पनवेलपर्यंत होर्डिंगवर फक्त हसरी बाळं.


वाशी_लॅबवाला

राग नाही, होर्डिंगचं तुमचं पटतं मला.

बर्नचा अभ्यास खरा आहे, आकडेही बरोबर आहेत. पण ५४ मुलं म्हणजे एका वर्गाएवढी. त्यानंतर २०२३ मध्ये युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथली मिळून ३५ हजारांच्या आसपास मुलं आणि तरुण पाहिले, बीपी, हार्ट रेट, शुगर, कोलेस्टेरॉल. मोठा म्हणावा असा फरक सापडला नाही. कोलेस्टेरॉल लहानपणी किंचित जास्त दिसलं, मोठेपणी नाही, आणि बीपी मोठेपणी किंचित जास्त असण्याची थोडीशी खूण. म्हणजे प्रश्न बंद झालेला नाही, जगातली पहिली आयव्हीएफ मुलगी १९७८ ची आहे, म्हणजे या मुलांचं म्हातारपण अजून कुणी पाहिलेलंच नाही. वर्षातून एकदा बीपी मोजायला सांगा डॉक्टरांना, कमी वजनाच्या कुठल्याही मुलाचं मोजायला हवंच, खर्च शून्य आहे.

जन्मजात दोष नैसर्गिक मुलांत १०० मध्ये साधारण ३, आयव्हीएफमध्ये ४ च्या आसपास. जास्त आहेत, पण ९६ मुलं ठीक असतात हेही त्याच वाक्यात बोलायला हवं. काही इम्प्रिंटिंगचे (जनुकांवरच्या खुणा चुकल्याने होणारे) आजार आहेत, बेकविथ-वीडेमनसारखे, ते आयव्हीएफमध्ये जास्त दिसतात पण मुळातच इतके दुर्मिळ की जास्त झाले तरी दुर्मिळच, आणि १४ महिन्यांपर्यंत तुमच्या डॉक्टरांच्या नजरेतून ते बहुधा सुटले नसते. बेकविथ-वीडेमनमध्ये तर मूल बहुतेक मोठं जन्मतं, लहान नाही.

ऑटिझमचं स्वीडनमध्ये २५ लाख मुलांचं रेकॉर्ड तपासलं, २०१३ मध्ये छापून आलं, एकूण आयव्हीएफमध्ये ऑटिझम जास्त आढळला नाही. आयव्हीएफच्या मुलांत बौद्धिक अडचणींचं प्रमाण किंचित जास्त आलं होतं पण फक्त एकटी जन्मलेली मुलं घेतली की तो फरक बहुतांशी गेला. फिरून परत तिथेच येतो आपण, जुळी आणि लवकर जन्म.


ऐरोलीची_आई

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री दोघांना झोपवून फाइल घेऊन बसले. करेक्टेड वयावर मांडलं. ९ महिन्यांपर्यंत छान चढतेय, खालच्या रेषेच्या वर बऱ्यापैकी अंतर होतं. त्यानंतर रेषा सपाट व्हायला लागलीये. मुलाची नाही झाली. म्हणजे काहीतरी आहे ना?

दूध गाईचं, बाटलीने, दिवसाला लिटरच्या आसपास जातं तिचं. जेवतच नाही नीट, दोन घास खाल्ले की तोंड फिरवते, मग आई म्हणतात उपाशी कशाला ठेवायची, निदान दूध तरी पोटात जाऊ दे. मुलगा पोळी कुस्करून, भात, सगळं खातो. ड्रॉप्स वर्षाचे होईपर्यंत होते, नंतर काळी शी होते म्हणून बंद झाले, कुणी परत लिहून दिले नाहीत.


नौपाड्याची_सिस्टर

सापडलं बहुतेक. बहुतेक म्हणतेय हां, डॉक्टरांना दाखवूनच.

एवढ्याशा पोटात लिटरभर दूध गेलं तर जेवणाला जागा कुठे राहणार. भूकच लागत नाही तिला. आणि गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, वरून अन्नातलं लोहही ते नीट शोषू देत नाही. लवकर जन्मलेल्या मुलांना आईकडून लोहाचा साठा मिळायचा असतो तो शेवटच्या महिन्यांत मिळतो, हिला तो मिळालाच नाही, म्हणून तर ड्रॉप्स देतात. लोह कमी झालं की भूक आणखी मरते. मग आणखी दूध. हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलंय, आणि ती सगळी घरं प्रेमळच होती.

हिमोग्लोबिन करून घे, डॉक्टर सांगतील तर फेरिटिन (त्यात लोहाचा साठा कळतो), आणि एक लघवीची तपासणी, मुलींमध्ये लपलेलं इन्फेक्शन वजन अडवून ठेवतं. ड्रॉप्सनी शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोस वजनावर असतो तेव्हा जुनी बाटली काढून मनाने देऊ नकोस.

दूध ४०० ते ५०० मिलीवर आण, हळूहळू, आणि बाटली बंद करून वाटी-चमचा किंवा कप. दूध जेवणानंतर, आधी नाही. जेवणात कमी घासात जास्त दम असायला हवा, मुगाच्या खिचडीवर साजूक तूप, नाचणीसत्त्वात शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं चालत असेल तर रोज एक, थालीपिठाचा मऊ तुकडा लोण्याबरोबर. पाण्यासारखं वरणाचं पाणी आणि डाळीचं पाणी हे प्रकार बंद. बदाम उगाळून काही होत नाही ग स्वप्ना, उगाळून किती जातो पोटात, सहाणेलाच जास्त लागतो.

पण कोंबू नका तिला. हेही सांगते कारण एकदा अंडरवेट शब्द ऐकला की घरातली सगळी मिळून मुलाच्या मागे वाटी घेऊन धावतात. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी वर्षानुवर्षं काम केलंय, आपल्याकडची बाळं वजनाने कमी असूनही आतून चरबी धरून असतात आणि कमी वजनाचं मूल पुढे भराभर जाड झालं तर डायबेटिस, बीपीची शक्यता वाढते. तू रात्री वाचत बसलीस त्या शुगर-बीपीची भीती आयव्हीएफपेक्षा इथे जास्त खरी आहे. या वयात महिन्याला २०० ग्रॅमच्या आसपास चढलं की पुरे. बिस्किटं आणि सेरेलॅकचे डबे देऊन अर्धा किलो चढवलं तर ते बघायला बरं वाटेल पण मला आवडणार नाही.


अनामिक

आयडी लपवून लिहितेय. आमची मुलगी ४ वर्षांची, एग डोनरकडून. घरात फक्त आम्हा दोघांना माहिती. मला एवढंच सांगायचंय की तुमच्यासारख्या केसमध्ये नवीन डॉक्टरांना आयव्हीएफ सांगितलं नाही सांगितलं फारसं बिघडत नाही, आठवडे आणि जन्माचं वजन सांगितलं की बरंचसं आलं. पण डोनर असेल तर मुलांच्या डॉक्टरांना सांगावंच, आमचं तसंच झालं. मुलगी वयाच्या मानाने बुटकी दिसते म्हणून डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या उंचीवरून हिशोब मांडला, आईबाबांच्या उंचीची सरासरी काढतात आणि मुलगी असेल तर त्यातून साडेसहा सेंमी वजा, मुलगा असेल तर मिळवतात. मी ५ फूट ६, त्या हिशोबाने ती खूपच मागे पडत होती आणि टेस्ट लिहायला घेतल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी मान हलवली आणि सांगून टाकलं. आमच्या फाइलमध्ये डोनरची उंची होती, ५ फुटाच्या आसपास. डॉक्टर हसले आणि पेन ठेवलं. तिची उंची बरोबर तिच्या रेषेवर होती. घरच्यांच्या आजारांचा इतिहास विचारतात तेव्हाही तेच, माझ्या बाजूची शुगर तिला लागू नाही. त्यांनी फाइलवर काहीतरी खुणेने लिहिलं, नर्सला पण कळणार नाही असं. डॉक्टर चांगले असतील तर ठेवतात ते गुपित.


कासारवडवली_बाबा

आमचा ११ वर्षांचा आहे, इक्सी, कारण प्रॉब्लेम माझ्या बाजूने होता. फुटबॉल खेळतो, गणितात बोंब आहे, पण ती माझीही होती.

प्लेग्रुपला अजिबात सांगू नका. फॉर्ममध्ये तो प्रश्न नसतो आणि असला तरी त्यांना काय करायचंय. अ‍ॅलर्जी काय, औषध काय चालू, इमर्जन्सीला फोन कुणाला करायचा एवढं पुरे. आणि कायद्याने म्हणाल तर २०२१ च्या एआरटी कायद्यात, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यात, सरळ लिहिलंय की असं जन्मलेलं मूल त्या जोडप्याचं बायोलॉजिकल मूलच मानायचं, सगळ्या हक्कांसकट. जन्मदाखल्यावर वेगळं काही नसतं.

इक्सीवाल्या बाबांसाठी एक, कारण हे कुणी बोलत नाही. पुरुषाचा स्पर्म काउंट अगदीच कमी असेल तर कधीकधी वाय क्रोमोसोममध्ये थोडा भाग गायब असतो. तसं असेल तर मुलाला तो वारशाने जातो, मुलीला नाही. माझी टेस्ट ट्रीटमेंटच्या आधी झाली होती, निगेटिव्ह आली. नसेल केली तर रिपोर्ट शोधा, मुलगा मोठा झाल्यावर त्याला माहीत असलेलं बरं, २० व्या वर्षी घाबरवायला नाही, ३० व्या वर्षी वेळ वाया जाऊ नये म्हणून.

मुलाला आम्ही सांगितलंय. साताठ वर्षांचा असताना विचारलं त्याने मी कसा आलो, तर म्हटलं डॉक्टरांनी मदत केली. त्याचा पुढचा प्रश्न होता डॉक्टरांना किती पैसे दिले. आकडा ऐकून म्हणाला एवढ्यात प्लेस्टेशन आलं असतं.


ऐरोलीची_आई

दादा 😂 आमचे हे पण वाचून हसतायत.

अपडेट देते, बरेच जण मेसेज करून विचारत होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही करेक्टेड वयावरच टिंब मारलं आणि रेषा सपाट झालीये हे त्यांनाही दिसलं. हिमोग्लोबिन ९.१ आलं. लघवी क्लिअर. आयर्न चालू केलं, जंताचं औषध दिलं, दूध कमी करायला सांगितलं, बाकी आयव्हीएफ हा शब्द त्यांनी पूर्ण वेळात काढला नाही, मीच काढला तर म्हणाले त्याचा इथे काय संबंध.

बाटली सोडवताना चार-पाच रात्री घरात कुणी झोपलं नाही. आईंचा विरोध होता पण रिपोर्टवरचा लाल आकडा दाखवल्यावर त्याच सगळ्यात कडक झाल्या, आता मी कधी दया येऊन दूध द्यायला गेले तर मलाच ओरडतात. खिचडी खायला लागलीये, भावाच्या ताटातली. स्वतःच्या ताटातली नाही. काल वजन ७.६, त्याच काट्यावर. अजून चालत नाही पण एक-दोन पावलं टाकून बसते.

सिस्टर, तुमचे आभार कसे मानू. ठाण्याला आले की दोघांना घेऊन येईन.


नौपाड्याची_सिस्टर

ये की. आयर्न मध्येच थांबवू नकोस, हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही साठा भरायला अजून दोन-तीन महिने द्यावं लागतं, डॉक्टर बंद म्हणतील तेव्हाच बंद. आणि मुलाचंही एकदा बघून घ्या, तोही ३४ आठवड्यांचाच आहे, गुटगुटीत दिसतो म्हणून राहून जातं.


घणसोली_वाट_पाहतेय

माफ करा मध्येच विचारते, पूर्ण थ्रेड वाचला. माझं पुढच्या महिन्यात फ्रोजन ट्रान्सफर आहे, वय ३१, पहिलंच, दोन चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच दिवसांचे एम्ब्रियो) आहेत. सेंटरवाले विचारतायत एक टाकू का दोन. घरचे म्हणतात दोन टाक, एकाच खर्चात जुळी, एकदाच काय ते होऊन जाईल. काय करू?


वाशी_लॅबवाला

तुमची पूर्ण फाइल तुमच्या डॉक्टरांकडे आहे, माझ्याकडे नाही. पण ३१ वय, चांगले ब्लास्टोसिस्ट, पहिलं ट्रान्सफर, तर माझी बहीण असती तर तिला एकच टाक म्हटलं असतं. दुसरा फ्रीजमध्ये राहतो, तो कुठे पळत नाही, कायद्याने १० वर्षं ठेवता येतो. एकेक करून दोन वेळा टाकले तर मूल होण्याची एकूण शक्यता दोन एकदम टाकण्याच्या जवळपासच येते, फक्त थांबावं लागतं आणि दुसऱ्या ट्रान्सफरचे पैसे लागतात. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात. स्वीडनने २००३ पासून शक्यतो एकच टाकायचा नियम केला, तिकडे जुळ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं आणि लवकर जन्मणारी बाळंही कमी झाली. एकाच खर्चात म्हणणाऱ्यांना एनआयसीयूचं एका दिवसाचं बिल विचारून बघा.


ऐरोलीची_आई

त्याला गुणिले दोन करा.